बसायला सोपी होडी

मिस्त्रींना मासे धरायला होडी घ्यायची होती, आणि हा विषय त्यांनी घरात इतका दळला होता की बायकोने शेवटी हात जोडले. एक तर घेऊन टाका, नाहीतर विषय तरी सोडा, असं ती म्हणाली. मिस्त्री कसले सोडतात. ताट पुढ्यात आलं की सुरू. रुंद घेतली तर डुलत नाही, पण पुढे ढकलताना घाम फुटतो. लांब घेतली तर सरळ पळते, पण वळवताना जीव काढते. वल्ह्याची घ्यावी तर दोन्ही हात वल्ह्यात अडकतात, मग गळ काय दातांत धरायचा? पायडलची घ्यावी तर हात मोकळे, पण पाय... आणि इथे आले की मिस्त्री मोठा घास घेत आणि वाऱ्याबद्दल बोलू लागत. ही गोम कुणाच्या लक्षात आली नव्हती. माणूस फार बोलायला लागला की घरचे ऐकायचं सोडतात, आणि मिस्त्रींना नेमकं तेच हवं होतं.

फरशी बसवण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता, आणि तो सगळा गुडघ्यांवर. ऐन उमेदीत गुडघ्यांना गाद्या बांधणाऱ्यांना ते हसायचे. गादीच हवी तर घरी जाऊन झोपा, म्हणायचे. आता गुडघ्यांनी उट्टं काढलं होतं. उजवा वाकायला तयार नसे, आणि डावा वाकला तर सरळ व्हायला तयार नसे. हे ठाऊक होतं फक्त मिस्त्रींना आणि एका डॉक्टरला. डॉक्टरने काय सांगितलं ते मिस्त्री दवाखान्याच्या पायरीवरच विसरून आले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याला खाली बसता येत नाही तो फरशीवाला मिस्त्री कसला?

माशांचा नाद जुना. सुट्टीच्या दिवशी तलावाच्या काठावर गळ टाकून बसले की त्यांना जगाची शुद्ध नसे. पण गेल्या वर्षी काठाच्या उतारावर डाव्या गुडघ्याने दगा दिला आणि मिस्त्री बसल्या बसल्या घसरत थेट पाण्यापर्यंत गेले. कुणी पाहिलं नाही हे नशीब. वर येताना मात्र गवताचे झुबके धरून यावं लागलं, आणि वर पोचल्यावर ते बराच वेळ कुणावर तरी चिडून बसले होते, कुणावर ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी होडी डोक्यात शिरली. होडीत माणूस बसतो. चढायचं नाही, उतरायचं नाही, वाकायचं नाही. लोकांना त्यांनी सांगितलं की मोठे मासे मधोमध असतात, काठाला नुसता गाळ.

त्यांच्याबरोबर कामाला होती त्यांची लेक. चौतिशीची, हाताने बापापेक्षा सरस, जिभेने जवळजवळ बरोबरीची. साइटवरचे लोक तिला छोटे मिस्त्री म्हणत. दोघांचं फार छान चाललं होतं, म्हणजे दीड वर्षापूर्वीपर्यंत. मग मिस्त्री खाली बसेनासे झाले. एक लांब लाकडी काठी घेऊन ते नव्या फरशीवर हिंडायचे आणि काठीच्या टोकाने एकेक फरशी ठोकून बघायचे. खाली पोकळ राहिलं की फरशी बद्द वाजते, हे खरं. पण लेकीने बसवलेली फरशी बद्द वाजणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही. काठी त्यांना टेकायला लागत होती, ठोकणं हे आपलं सोंग. लेक खाली गुडघ्यांवर, बाप वर उभा, आणि पाठीमागून ठक, ठक, ठक. दीड वर्ष तिने ते ऐकून घेतलं.

त्या रविवारी दोघं होडी बघायला निघाली तेव्हा व्हॅन लेकच चालवत होती. शेवटची घरं मागे पडली आणि तिने तोंड उघडलं. एका मोठ्या बिल्डरने तिला सुपरवायझर म्हणून बोलावलं होतं. हो की नाही ते आज दुपारपर्यंत कळवायचं होतं. मिस्त्रींनी खिडकीची काच खाली केली. उद्यापासून एका शाळेच्या हॉलचं काम सुरू व्हायचं होतं, ते त्यांनी लेकीच्या जिवावरच घेतलं होतं. पण खरं सांगायचं तर काम गेल्याचं दुःख त्यांनी गिळलं असतं. दिवसभर एका खोलीत तिच्याशी भांडत, चिडवत, मापं घेत काम करायचं, हे जाणार होतं, आणि त्याच्या बदल्यात दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतं. हे सांगायचं सोडून ते म्हणाले की जा की, कोण अडवतंय.

"तुम्हीच घालवताय," लेक म्हणाली. "माझ्या हातावर तुमचा विश्वास उरलेला नाही. एकेक फरशी ठोकून बघता, तीही परक्यांसमोर."

तसं नाही म्हणावं तर खरं कारण सांगावं लागणार. कारण सांगावं तर मिस्त्री संपले. इकडे आड, तिकडे विहीर. मिस्त्री खिडकीबाहेर बघत राहिले, आणि पायडलच्या होडीत पाणगवत अडकतं म्हणतात, असं काहीतरी पुटपुटले. लेकीने गिअर असा काही टाकला की व्हॅन कण्हली.

दुकान म्हणजे जुनं गोदाम होतं, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. आत जाड गालिचा, आणि त्यावर ओळीने होड्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे आधी दारापाशची फरशी पाहिली. दोन ठिकाणी वरखाली होती. त्यांना जरा बरं वाटलं. दुकानाची मालकीणबाई अंगाने भरभक्कम आणि बोलायला फटकळ होती, आणि तिचा एक नियम होता. बसून बघितल्याशिवाय ती कुणाला कयाक, म्हणजे ही एकट्याने बसायची बुटकी होडी, विकत नसे. चप्पल पायात घालून बघता ना, मग होडी नुसती बघून कशी घेता, असं तिचं म्हणणं.

मिस्त्रींना बसायचं नव्हतं. का बसायचं नव्हतं हे त्यांनी स्वतःलाही नीट विचारलं नव्हतं. त्यांनी उभ्या उभ्या खोड्या काढायला घेतल्या. ही फार रुंद, आमच्या जिन्याच्या वळणात अडकेल. हिचा रंग माशांना लांबून दिसेल. हिच्या बुडाला भोकं आहेत, म्हणजे पाणी आत येणार. मालकीणबाईने शांतपणे सांगितलं की भोकं आत आलेलं पाणी बाहेर जायला असतात, ती नसली तर टबात बसल्यासारखे बसाल. मिस्त्री म्हणाले की हे तुम्ही म्हणता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

शेवटी मालकीणबाईने एक करड्या रंगाची, लांबसडक, बुटकी कयाक ओढून मधोमध आणली आणि म्हणाली, बसा. लेकही मागून म्हणाली की बसा ना, इतके महिने डोकं खाल्लंत. तिच्या आवाजात राग असता तर मिस्त्रींनी परतवला असता. पण तिच्या आवाजात नुसता कंटाळा होता, आणि तो त्यांना झोंबला. सुंभ जळाला तरी पीळ जातो थोडाच. होड्या ठोकून बघायला म्हणून बरोबर आणलेली काठी त्यांनी भिंतीला टेकवली, न घेतल्यासारखं दाखवत मालकीणबाईच्या खांद्याचा आधार घेतला आणि धपकन खाली बसले.

बसले आणि सुखावले. पाय समोर लांब, पाठीला टेका, दोन्ही गुडघे कधी नव्हे ते गप्प. पाठीमागे गळाच्या काठ्या खोचायला दोन नळ्या होत्या, पुढ्यात आमिषाचा डबा बसेल एवढी जागा होती. मिस्त्रींनी वल्हं मागून घेतलं आणि गालिच्यावर दोनचार हात मारले. हीच घ्यायची, असं त्यांनी मनात ठरवूनसुद्धा टाकलं. मग ते उठायला गेले.

उठायला गेले म्हणजे तसा विचार केला. बूड जमिनीपासून चार बोटांवर, काठी तिकडे भिंतीशी. काठांवर हात रोवून जोर लावला तर होडीच कलंडू लागली. कुशीवर वळावं, गुडघ्यांवर यावं आणि एकेक पाय काढावा, असं बाकीचं जग करतं. मिस्त्रींना गुडघ्यांवर येता आलं असतं तर ते इथे झक मारायला आले असते का? इतके महिने त्यांनी रुंदी मोजली, लांबी मोजली, वारा मोजला, आणि होडीत बसलेल्या माणसाला कधीतरी उठावंही लागतं ही साधी गोष्ट त्यांच्या टाळक्यात आली नव्हती. हात दाखवून अवलक्षण ते हेच. त्यांनी पुन्हा वल्हं उचललं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने विचारलं की हिचं वजन किती.

मग प्रश्नांची जी झड लागली ती थांबेना. ऊन लागून प्लॅस्टिक वाकतं का? सुकाणू वेगळं बसवता येतं का? नांगर टाकला तर दोरी कुठे बांधायची? ती पिवळी जरा इकडे आणा, बाजूला लावून बघू. आता ती हिरवी. मालकीणबाईला आधी वाटलं, गिऱ्हाईक पक्कं आहे. तिने घामाघूम होत एकेक होडी ओढून आणली आणि मिस्त्रींभोवती असा काही घोळका जमला की त्यांना बाहेर पडायला वाटच उरली नाही. दुपारी तिला दुकान बंद करून घरी जायचं होतं, तसं तिने दोनदा बोलूनही दाखवलं. लेक दारापर्यंत जायची, फोनकडे बघायची, परत यायची. तिच्या बुटांचा आवाज गालिचा संपला की सुरू व्हायचा आणि गालिच्यावर आली की थांबायचा. मिस्त्रींना तो आवाज नकोसा झाला होता आणि तो थांबला की त्याहून नकोसं वाटत होतं. ती फोन तर करत नसेल?

त्यांनी एक डाव टाकला. लेकीला व्हॅनमधली मापाची टेप आणायला पिटाळलं, मालकीणबाईला आतून थोडं लांब वल्हं आणायला सांगितलं. दोघी दिसेनाशा झाल्या तसा त्यांनी उजवा पाय उचलून बाहेर टाकला. होडी कलली, सगळा भार गुडघ्यावर आला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओरडू नये म्हणून त्यांनी बाही दातांत धरली. दाराबाहेरच्या पायऱ्यांवर पावलं वाजली तेव्हा दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला आणि ते ताठ बसले. लेक टेप घेऊन आली तर बाप लालबुंद, कपाळावर घाम. फारच उकडतं या दुकानात, असं मिस्त्री म्हणाले. लेकीने टेप त्यांच्या मांडीवर टाकली. काय मोजायचं आहे ते तिने विचारलंसुद्धा नाही.

"बाबा, उठा आता. मला त्या बिल्डरला फोन करायचाय."

"कर की. माझं अजून ठरत नाहीये."

"ठरत नाहीये की ठरवायचंच नाहीये?" ती आवाज चढवून बोलली नाही, म्हणून जास्त लागलं. "होडीत खोट, माझ्या कामात खोट. सगळ्या जगाला ठोकून बघायचं. मी हो सांगून येते."

ती वळली आणि दाराकडे निघाली. मिस्त्रींनी तिची पाठ पाहिली. जायची ती जाईलच, पोरी जातातच. पण बापाला माझा हात पसंत नव्हता, एवढं घेऊन ती जाईल, आणि पुढे जिथे जिथे फरशी बघेल तिथे तिथे तेच आठवेल. हे मात्र त्यांना सोसेना. मूठ झाकून ठेवण्यात आता काही राम उरला नव्हता.

"पोरी," ते म्हणाले, "मला उठता येत नाही."

ती थांबली, पण चेहऱ्यावर तोच कंटाळा. हे आणखी एक निमित्त, असं तिला वाटलं असणार.

"गुडघे गेलेत माझे. दीड वर्ष झालं. काठी ठोकायला नव्हती, टेकायला होती. तुझी एक फरशी कधी बद्द वाजली नाही. एकसुद्धा नाही."

मालकीणबाई आतून लांब वल्हं घेऊन आली होती. तिने ते ऐकलं, आणि बाई शहाणी, वल्हं घेऊन तशीच पुन्हा आत गेली. मिस्त्रींना वाटलं आता लेक रडेल, म्हणून त्यांनी नजर खाली घातली. पण ती रडली नाही, भडकली. दीड वर्ष मी रोज घरी जाऊन नवऱ्यापाशी तुमच्या नावाने बोटं मोडतेय, असं ती म्हणाली. रात्र रात्र विचार करतेय की माझं चुकतंय कुठे. सांधे तपासले, उतार तपासला, स्वतःच बसवलेल्या फरश्या उचकटून पाहिल्या. आणि तुम्ही मोडाल पण वाकणार नाही. तिने मनगटाने नाक पुसलं. मिस्त्री ऐकत होते. त्यांना लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं, आणि यातलं कुठलं जास्त ते कळत नव्हतं.

बोलून संपल्यावर तिने पिवळी होडी पायाने बाजूला सारली आणि त्यांना उठवायला खाली बसली. एक गुडघा टेकला, दुसरा टेकला. दुसरा टेकताना तिचा एक हात होडीच्या काठावर आला आणि खालचा ओठ दातांखाली गेला. क्षणभरच. मग तिने ओठ सोडला आणि काही झालं नाही असा चेहरा केला.

तो चेहरा मिस्त्रींना ओळखीचा होता. दीड वर्ष ते तोच घालून हिंडत होते. तिने त्यांच्या काखेत हात घातले तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"गुडघा."

लेकीने नजर चुकवली. मग म्हणाली की त्या बँकेचा जिना केला होता ना, तेव्हापासून. सकाळी फार नाही. संध्याकाळी जरा. मिस्त्रींनी विचारलं की मग बोलली का नाहीस.

"तुम्ही म्हणाला असता, बायकांचं काम नव्हे हे."

खोटं नव्हतं, मिस्त्री म्हणाले असते. तिने पहिल्या दिवशी सिमेंट पसरायची करणी हातात घेतली तेव्हा म्हणालेच होते. ते तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. पँट तिथे झिजून पांढरी पडली होती. त्याखाली गादी नव्हती, कारण बापाने कधी बांधली नाही म्हणून तिनेही बांधली नाही. चौतिसाव्या वर्षी त्यांचा उजवा असाच करायचा. वाजतोय तर वाजू दे, असं तेव्हा ते म्हणाले होते, आणि तिथे जवळपास असं कुणी नव्हतं की जे त्यांचं मनगट धरेल.

"फोन लाव त्याला," मिस्त्री म्हणाले.

"आता कसला फोन? आता मला कळलंय ना सगळं. आता मी तुम्हाला टाकून जाऊ?"

"आता कळलंय म्हणूनच जा. तिथे उभ्याने काम आहे."

"आणि हॉल?"

हॉलचं ते बघतील, असं मिस्त्रींनी सांगितलं. शाळेला नाही म्हणून सांगू. आजवर कुणाला नाही म्हटलं नाही, एकदा म्हणून बघू. लेक हो-ना करत राहिली. म्हणाली की आधी तुम्हाला उठवते, मग बघू. मिस्त्रींनी मनगट सोडलं नाही. त्यांना पक्कं माहीत होतं, एकदा उठून व्हॅनमध्ये बसलो, घर जवळ आलं, की आपलाच धीर सुटणार. राहा म्हणू. ती राहील.

"आधी फोन," ते म्हणाले. "मी इथेच बसलोय, कुठे जातोय?"

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. तिने तिथेच, गालिच्यावर बसल्या बसल्या फोन लावला. दोन वाक्यांत काम झालं. हो म्हणाली, उद्यापासूनच येते म्हणाली, मग पलीकडचा काही बोलला त्यावर नुसती हं, हं करत राहिली. मिस्त्री वल्ह्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवत होते. उद्या सकाळी त्यांना न्यायला व्हॅनचा हॉर्न वाजणार नाही, हे त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. ते तसेच बसून राहिले.

फोन संपल्यावर लेकीने मालकीणबाईला हाक मारली. दोघींनी दोन बाजूंनी धरून मिस्त्रींना उठवलं. गुडघे कडाडले, कुणाचे ते कुणीच विचारलं नाही. लेकीने काठी आणून हातात दिली. मिस्त्रींनी ती उघडपणे टेकली, सगळा भार देऊन.

मालकीणबाईने पदराने घाम पुसला आणि विचारलं की मग मिस्त्री, कुठली द्यायची, ही करडीच ना?

"नको," मिस्त्री म्हणाले. "एकट्याला उठता येईल अशी दाखवा."